दारात धरलेला पंचा

धाकटीनं कळवलं आहे की मूल झाल्यावर सोडलेलं शिक्षण तिनं पुन्हा सुरू केलं, आणि आता ते झेपत नाही असं वाटायला लागलं आहे. तिचे बाबा तिला फोनवर म्हणाले, "नसेल जमत तर सोड. तुझ्या आजीनंही लेकरासाठी कॉलेज सोडलं होतं. त्यात कमीपणा काही नाही."

ती आजी म्हणजे मी, आणि ते लेकरू म्हणजे तुमचे बाबाच. त्या वेळी ते दीड वर्षांचे होते, तेव्हा त्यांना यातलं काही आठवणं शक्य नाही. त्यांनी ही गोष्ट तुमच्या आजोबांकडून ऐकली. आजोबा ती फार छान सांगत. बाळानं दारातून दोन्ही हात पुढे केले, मी हातातली पुस्तकं फडताळात ठेवली आणि पुन्हा उघडली नाहीत, असा तिचा शेवट असे. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत. आजोबा वकील होते. आता ते नाहीत, त्यामुळे माझी उलटतपासणी होणार नाही. मला ते सोयीचंच आहे.

आता नीट क्रमानं सांगते.

मी मॅट्रिक होऊन लग्न करून नाशकात आले तेव्हा तुमचे आजोबा नवे वकील होते. गावात सुधारक म्हणून त्यांचं नाव होऊ लागलं होतं. वाचनालयात त्यांची व्याख्यानं होत, त्यांतली निम्मी स्त्रीशिक्षणावर. एका व्याख्यानानंतर कोणीतरी त्यांना विचारलं, "वकीलसाहेब, घरच्या मंडळींचं शिक्षण कुठवर?" त्या संध्याकाळी घरी येऊन ते मला म्हणाले, "तू कॉलेजात नाव घाल."

का ते मला कळत होतं. पण मला हवं तेच ते सांगत होते, म्हणून मी कारण विचारलं नाही. शाळेत असल्यापासून मला बी.ए. व्हायचं होतं. इंग्रजी कवितेचा तास ज्या खोलीत चालतो त्या खोलीत बसायचं होतं. लग्न झालं, मूल झालं, तरी ती इच्छा गेली नव्हती. ज्येष्ठ संपता संपता मी कॉलेजात जाऊ लागले. पहिल्या दिवशी आजोबा मला टांग्यानं सोडायला आले. टांगा त्यांनी सरळ न नेता मेन रोडवरून फिरवून नेला. ओळखीचे भेटतील तिथं थांबवला. दुसऱ्या दिवसापासून मी चालत जात होते.

कॉलेज गावाबाहेर होतं, पेरूच्या बागांच्या पुढे. आमच्या वर्गात मुली थोड्या, आणि मूल असलेली मी एकटी. मुलं मला काकू म्हणत. मी आत शिरले की मागून आवाज येई, "काकू आल्या. डबा आणलाय का बघा रे." एकदा मी वळून म्हटलं, "आणलाय. पण तो पास होणाऱ्यांसाठी आहे." त्यानंतर त्यांनी मला बाकी काही म्हटलं नाही, काकू मात्र म्हणत राहिली. मला त्याचं काही वाटत नसे. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक कविता वाचताना खिडकीबाहेर बघत आणि ओळ संपली की वर्गाकडे वळून विचारीत, "कळलं का कोणाला?" बहुतेक वेळा मला कळलेलं असे. ते सुख मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आता तुमच्या पणजीबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. त्यांनी कॉलेजला कधीही नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आयुष्यभर तेच सांगण्यात येत होतं, की आम्ही कधी आड आलो नाही. त्या म्हणाल्या होत्या, "शीक हो. मी का आड येऊ? घरातली रीत तेवढी सांभाळ म्हणजे झालं."

रीत म्हणजे सोवळं. तुम्हाला हा शब्द माहीत असेल, पण त्यात राहणं माहीत नाही. स्वयंपाक करायचा तर अंघोळ करून, सोवळ्यात वाळवलेलं लुगडं नेसून. त्यानंतर कोणाला शिवायचं नाही. बाहेर चार लोकांत जाऊन आलेलं माणूस ओवळं. लोकर, रेशीम आणि उघडं मूल यांना विटाळ नाही. उरलेल्या सगळ्याला आहे. या रीतीत किती माणसांचा अपमान भरलेला होता ते तुम्हाला कोणीही सांगेल. मी इथं फक्त माझ्या वाट्याला काय आलं ते सांगते.

सासूबाईंनी ठरवलं की कॉलेजातून आले की मी डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग घरात शिरायचं. पावसाळ्यात, रोज. केस वाळत नसत. मी म्हटलं, "हेही कोर्टातून येतातच की. तिथं सगळ्या गावचे लोक असतात."

"पुरुषांचं वेगळं," त्या म्हणाल्या. "त्यांनी पाय धुतले की झालं."

तुमचे आजोबा तिथंच चहा पीत होते. त्यांनी बशीतून मान वर केली नाही.

यात बाळाचं काय व्हायचं ते बघा. मी फाटकातून आत आले की ते धावत येई. मी ओवळी. त्यानं मला शिवलं तर तेही ओवळं, आणि मग आजीच्या मांडीवर बसायची बंदी. उघडं असेल तर चालेल. तेव्हा सासूबाई आतून ओरडत, "अंगडं काढ गं त्याचं आधी." मी भिजलेली, अंगणात वारा, आणि मी त्याचं अंगडं काढून त्याला उघडं उचलून घ्यायची, घटकाभर. मग अंघोळ. मग मी सोवळ्यात, आणि त्याचे कपडे ओवळे, म्हणून रात्रीची जेवणं होईपर्यंत त्यानं पुन्हा माझ्याजवळ यायचं नाही. काही दिवसांनी त्याला सवय झाली. मला पाहून धावत यायचं, अंगणात मध्येच थांबायचं आणि आपलं अंगडं आपणच डोक्यावरून ओढायला लागायचं. हात अडकून पडायचे. ते पाहून सासूबाई हसत आणि म्हणत, "शहाणं गं माझं बाळ."

श्रावणात त्याला खोकला झाला. व्हायचाच होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला सासूबाई सांगू लागल्या, "काय करणार, आईचं कॉलेज बाळाच्या छातीत उतरलं." हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. मी स्वयंपाकघरातून ते रोज ऐकत होते.

पण यानं मी कॉलेज सोडलं नाही. हे नीट वाचा. बाळाच्या खोकल्याला मी अडुळशाचा काढा दिला, ऊबदार बंडी शिवली आणि कॉलेजला गेले. खोकला पंधरवड्यात गेला.

मला घालवलं ते नेमानं.

मी नाव घातलं तेव्हा एकदा सासूबाईंनी आजोबांना सहज विचारलं होतं, "अरे, हिची ती टर्म की काय, ती केव्हा संपते?" ते म्हणाले, "दिवाळीला." आषाढी एकादशीला सासूबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. कोणी मीठ सोडतं, कोणी एकवेळ जेवतं, कोणी लाख वाती करतं. यांनी रोज एक सवाष्ण जेवू घालायचा नेम धरला, कार्तिकी एकादशीपर्यंत. सवाष्णीचा स्वयंपाक सवाष्णीच्याच हातचा हवा. त्या विधवा. घरात सवाष्ण मी एकटी.

कॉलेजची पहिली टर्म आणि चातुर्मास जवळजवळ सारखाच असतो. हे त्यांना पंचांग पाहून कळलं होतं. मला ते कळायला श्रावण अर्धा उलटावा लागला.

पहाटे उठून मी पुरणावरणाचा स्वयंपाक उरकत असे. पण सवाष्ण वेळेवर येत नाही. ती सवाष्ण आहे, पाहुणी आहे, सावकाश येते. कोणी घरचं आवरून येई, कोणी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जाऊन, वाटेत भाजीबाजारात थांबून येई. मग पाय धुणं, हळदकुंकू, पाट, रांगोळी. मी आग्रहानं वाढायचं. ती म्हणायची, "कॉलेजला जाता म्हणे तुम्ही? आमच्यामुळं खोळंबा नको हो." आणि मग भात कालवत विचारायची, "तिथं पुरुषमाणसं शिकवतात? समोर उभं राहून?" तिची ओटी भरून तिला पोचवेपर्यंत दोन तास होऊन गेलेले असत. कवितेचा तास दुसराच असे.

मी आजोबांना सांगितलं. म्हटलं, "नेम संध्याकाळचा करा म्हणावं."

"संध्याकाळी कोणी सवाष्ण जेवू घालतं का? आणि आईनं देवापुढं पाणी सोडलंय. आता काय करणार?" ते म्हणाले. "चार महिन्यांचा तर प्रश्न. तू हुशार आहेस, घरी वाचशील."

घरी वाचून हजेरी लागत नसे. आणि हजेरी कमी पडली तर कॉलेज टर्म देत नसे. टर्म नाही तर परीक्षा नाही. ते वकील होते. त्यांना नियम समजावून सांगायची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलं. भला माणूस होता. म्हणाले, "बाई, तुमची हजेरी फार कमी आहे. पण प्राध्यापक तुमच्याबद्दल चांगलं सांगतात. घरची अडचण असेल तर मला सूट देता येते. फक्त तुमच्या यजमानांनी येऊन मला तसं सांगावं. एक शब्द पुरे."

मी घरी जवळजवळ पळत आले. अंघोळ केली, पाट मांडला, वाढलं, आणि आजोबांचं जेवण होईपर्यंत थांबले. मग सांगितलं.

त्यांनी हात धुतला. सुपारी कातरली. म्हणाले, "हे बघ, वशिला लावणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"वशिला कसला? घरात नेम होता म्हणून हजेरी कमी पडली, एवढंच सांगायचं आहे."

"म्हणजे मी त्यांना सांगू की आमच्या घरात सवाष्णी जेवतात म्हणून बायकोला शिकता येत नाही? माझं गावात काय राहील?"

मी त्यांचं ताट उचललं. ते पुढे म्हणाले, "आणि बाळाकडेही बघायला हवंच ना कोणीतरी. तू तरी किती ओढशील?"

बाळ या प्रकरणात आलं ते इथं. याआधी ते कोणाच्या तोंडी नव्हतं, सासूबाईंचं ते एक वाक्य सोडून. दुसऱ्याच दिवशी वाचनालयात कोणीतरी चौकशी केली तेव्हा आजोबा म्हणाले, "काय सांगू, आईचं काळीज. मी पुष्कळ म्हटलं, पण तिचं मन लेकरात." घरी येऊन त्यांनीच मला हे सांगितलं, खूश होऊन, लोकांना किती गहिवरून आलं तेही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी सुट्टी लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग माझं नाव कमी केलं. त्यांना एक शब्द हवा होता.

त्या दिवाळीत मी ठरवलं. या घरात रीत पाळायची आहे ना, मग ती पाळूच. आता मला दुसरं काम नव्हतं.

सुरुवात नळापासून केली. सासूबाईंना नळ फार आवडे. तोटी फिरवली की पाणी, म्हणून त्या दिवसातून चारदा हातपाय धूत. मी हात जोडून म्हटलं, "सासूबाई, तोटीत आत चामड्याची चकती असते. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही. आपला सोवळ्याचा देह, त्याला ते पाणी कसं चालेल?" त्या दिवसापासून त्यांच्यासाठी विहिरीचं पाणी, मी सोवळ्यात ओढून आणलेलं, मोजकं. मग चहाची साखर. कारखान्याची साखर हाडांच्या कोळशानं स्वच्छ करतात असं तेव्हा जुने लोक म्हणत. सासूबाई हे ऐकून होत्या आणि तरी तीन चमचे घेत. मी त्यांच्या चहात गूळ घालू लागले. चहा फाटे. मग दुपारची गादी. गादी कापसाची, म्हणजे ओवळी. मी त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली आणि म्हटलं, "लोकर. शुद्ध." ती त्यांना चावे.

त्यांना नाही म्हणता येईना. ज्या बायकांना त्यांनी सवाष्ण म्हणून जेवू घातलं होतं त्याच आता येऊन माझं कौतुक करीत. "सून असावी तर अशी. इंग्रजी शिकली पण रीत सोडली नाही." सासूबाई घोंगडीवर बसून हे ऐकत. मी त्यांना गुळाचा चहा देत असे.

मोलकरणीला यातलं काहीही मी लागू केलं नाही. हे नियम दोनच माणसांसाठी होते.

दुसऱ्या माणसासाठी मी दारात उभी राहू लागले. ते कोर्टातून आले की उंबऱ्याशी मी, हातात पंचा.

"हे काय?"

"अंघोळ. पाणी काढलंय विहिरीचं."

"आता? मार्गशीर्षात?"

"कोर्टात सगळ्या गावचे लोक असतात. आणि तुमच्यामुळं सासूबाईंना विटाळ व्हायला नको."

"अगं, पुरुषांनी पाय धुतले की झालं, हे आईनंच..."

"हो ना, सासूबाई?" मी आत वळून विचारलं. "बाहेरून आल्यावर अंघोळ लागते की नाही? की ती नुसती मलाच होती?"

बाहेरच्या खोलीत शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या. त्याही आत बघू लागल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "कर बाबा अंघोळ."

नाशिकची थंडी तुम्हाला माहीत नाही. ते रोज अंगणात उभे राहून डोक्यावर तांब्या ओतत. त्यांना लष्कराच्या कॅम्पातल्या बेकरीचा पाव आवडे. पावाला कोणाकोणाचे हात लागलेले असतात म्हणून तो बंद झाला. मित्र यायचे ते बाहेरच्या ओट्यावरच बसू लागले. एकदा सिन्नरकडचे एक पक्षकार दिवेलागणीला आले. मी सांगितलं, साहेब अंघोळ करताहेत. ते सोबत्याला म्हणाले, "आता? काल बी तेच चाललं व्हतं. लय अंघोळ करत्यात बुवा साहेब." पौषात आजोबांना खोकला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगू लागले, "काय करणार, यांचं कोर्ट यांच्या छातीत उतरलं."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मते त्या दिवशी त्यांना सगळं कळलं.

पण त्या मोडल्या त्या निराळ्याच गोष्टीनं. नातवावर त्यांचा जीव होता. आता तोही दिवसभर अंगणात, मातीत, मोलकरणीच्या मुलांबरोबर खेळून ओवळा झालेला असे. मी म्हणे, "सासूबाई, त्याचं अंगडं काढून मग घ्या." खोकल्याच्या भीतीनं त्या काढू देत नसत, आणि मग घेताही येत नसे. एका सकाळी त्या घोंगडीवर बसल्या होत्या. तो धावत त्यांच्याकडे गेला, मध्येच थांबला आणि अंगडं डोक्यावरून ओढू लागला. हात अडकले. तोंड कापडात, आणि तसाच उभा.

या वेळी त्या हसल्या नाहीत. उठल्या, सोवळ्यातच त्याला कपड्यांसकट उचललं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "जा बाई. जा तुझ्या त्या कॉलेजात. आणि हे सगळं बंद कर."

"माझं नाव तर कमी झालंय," मी म्हटलं.

"तो जाईल सांगायला. मी सांगते त्याला."

आणि ते गेले. तत्त्व कुठं गेलं ते मी विचारलं नाही. टोपी घालून गेले, कॉलेजबाहेर टांगा उभाच ठेवून काम उरकलं आणि परत आले. म्हणाले, "झालं. जूनपासून ये म्हणाले. भला माणूस आहे, एका शब्दात झालं." एका शब्दात झालं, हे त्यांनी मला हसत सांगितलं.

जून आला तोवर तुमची आत्या पोटात होती. मी तरीही गेले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. म्हणाले, "बाई, बाळंतपण उरकून या. इथं मुलं आहेत." परत येताना पेरूच्या बागेपाशी आमच्या वर्गातली मुलं भेटली. ती पुढच्या वर्षात गेली होती. एकजण म्हणाला, "काकू, येताय ना परत? कवितेच्या तासाला कोणालाच काही कळत नाही." मी म्हटलं, "बघू." आत्यानंतर काका झाला. पुन्हा विचारायला मी गेले नाही. त्या वर्षाची नेमलेली पुस्तकं मी घरी वाचून संपवली, आणि पुढच्या वर्षांचीही. बी.ए. मी झाले नाही.

सासूबाईंशी माझा हिशेब त्या सकाळी मिटला. त्या मोठ्यानं बोलल्या होत्या, पाठ करून का होईना. त्यांना साखरेचा चहा, गादी आणि नातू परत मिळाले. आजोबांशी मिटला नाही, कारण ते गोष्ट सांगतच राहिले.

त्यांच्या साठीशांतीला वाचनालयात सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. सत्काराला उत्तर देताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. बाळाचे पुढे केलेले हात, फडताळातली पुस्तकं, सगळं. तुमचे बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. मी टाळ्या वाजवल्या.

मग मी आधी घरी निघून आले. हार घातलेले आजोबा मंडळींसह दारात आले तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते, हातात पंचा. नळ, साखर, गादी यांचं कोणाला काही वाटत नव्हतं अशा काळात, कित्येक वर्षांनी.

"सभेत चार लोकांचे हात लागलेत," मी म्हटलं. "अंघोळ."

पाहुण्यांना ते फार सोज्वळ वाटलं. कोणीतरी म्हणालं, "वा, काय निष्ठा." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वेळ लागला नाही, ते हुशार होते. त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला, पंचा घेतला आणि मागच्या अंगणात गेले. पाणी मी विहिरीचंच काढून ठेवलं होतं.

ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. पण ऐकलेल्यांच्या तोंडून ती फिरत राहिली, आणि आता समुद्रापलीकडे धाकटीपर्यंत पोचली आहे, तिच्या बाबांच्या हातून. बाबांना हे वाचून दाखवा.

धाकटे, तुझ्या घरात सोवळं नाही हे मला माहीत आहे. पण तुझ्या तासाच्या वेळीच काय काय निघतं ते एकदा नीट बघ, आणि एक शब्द कोणाला टाकता येत होता आणि टाकला नाही ते बघ. आणि तुझ्या मुलाचं नाव पुढे करून कोणी तुझ्या वतीनं गोष्ट सांगायला लागलं तर त्याला तिथल्या तिथं थांबव. मी तीस वर्षं थांबवलं नव्हतं. पंचा तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडे आहे.